चुकलेल्या जबड्यांचं कपाट

कवळीकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या खोलीत माणसं दोन होती आणि जबडे दोनशे सहा. जबडे हसत होते. भिंतीवरच्या फळ्यांवर, खिडकीच्या चौकटीत, पंख्याच्या बटनाशेजारी, मोरीच्या कठड्यावर, जिकडे बघावं तिकडे प्लॅस्टरचे पांढरेफटक जबडे, आणि सगळे माझ्याकडे बघून हसतायत. डोळेच नाहीत तर ते बघतायत हे कसं कळलं, असं मला विचारू नका. त्या खोलीत कळायचं. मी भर सभेत भाषण विसरलोय, लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेत, साहेबांच्या बायकोला साहेबांची आई समजलोय. पण एवढ्या तोंडांनी एकाच वेळी मला हसण्याचा प्रसंग आयुष्यात तेवढा एकच.

माझ्या हातात रुमाल होता आणि रुमालात माझ्या सासऱ्यांचे अकरा दात.

आमचे सासरे म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. ते आमच्याकडे राहतात असं मी म्हणतो, मी त्यांच्याकडे राहतो असं ते म्हणतात. ज्या घरात आम्ही दोघं राहतो ते माझ्या बायकोचं आहे, याबद्दल मात्र आमच्यात मतभेद नाहीत. सासऱ्यांची शिंक एके काळी सगळ्या पोस्टात प्रसिद्ध होती. शिंक येणार असं दिसलं की खिडकीपलीकडचे लोक आपापली पाकिटं घट्ट धरून ठेवायचे, असं ते स्वतःच सांगतात. त्या सकाळी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ऊन खात उभे असताना त्यांना तीच शिंक आली. शिंक थांबली, पण वरची कवळी थांबली नाही. कठडा ओलांडून ती गेली, हवेत एकदा वळली आणि रस्त्यावर पडली. तोपर्यंत ती शाबूत होती. मग दुधाची गाडी आली.

बायकोने माझ्या हातात झाडू, सुपली आणि रुमाल दिला. ''सगळे वेचून आणा. बाबा मोजतील.''

मोजले. चौदातले अकरा. राहिलेले तीन मी मुद्दाम सोडून आलो असं सासऱ्यांचं आजही मत आहे.

कवळीकाकांचं दुकान एका छत्रीवाल्याच्या वर, पहिल्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, आणि वर दाराशी एका उंच स्टुलावर साठीच्या पुढच्या एक बाई बसलेल्या. या अक्का. कवळीकाकांची थोरली बहीण, दुकानाच्या द्वारपाल, खजिनदार आणि वेळप्रसंगी तोफखाना.

''काय आहे रुमालात?''

''दात.''

''कुणाचे?''

''सासऱ्यांचे.''

''ते जिवंत आहेत ना?''

''आहेत की.''

''मग त्यांना आणा, जावईबापू. दात एकटे येऊन काय सांगणार?''

तेव्हापासून त्या दुकानात माझं नाव जावईबापू पडलं ते पडलंच.

तरी त्यांनी मला आत सोडलं. आतल्या मेजामागून जो माणूस उठला तो आधी मला त्या दोनशे सहांपैकीच एक मोठा नग वाटला. भुवया प्लॅस्टरने पांढऱ्या, कान पांढरे, हाताचे केस पांढरे. ते माझ्या डोळ्यांकडे बघेनात. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी नमस्कार म्हणालो तेवढ्यात त्यांना हवं ते दिसलं असावं.

''उजवीकडची मागची दाढ कधी काढली?''

''नऊ वर्षं झाली.''

''घाई केलीत,'' ते म्हणाले आणि रुमालासाठी हात पुढे केला.

''त्याच्याकडे लक्ष देऊ नका,'' अक्का दारातून ओरडल्या. ''तो रस्त्यात सख्ख्या मामाला ओळखत नाही. मामा हसला की ओळखतो!''

काकांचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते, आणि त्याची त्यांना धंद्याच्या दृष्टीने थोडी लाज वाटायची. म्हणून ते हसताना तोंडावर हात धरायचे. टकलू न्हावी मी पाहिला आहे; त्याला कधी इतकं अवघडलेलं पाहिलं नाही.

मागच्या खोलीत एक कपाट होतं. लोखंडी, राखाडी, एक पाय विटेवर टेकलेला. ते मी तिसऱ्या खेपेला पाहिलं. त्या दिवशी सासऱ्यांना दात केवढे बसवायचे यावर खल चालला होता. सासऱ्यांना मोठे हवे होते. ''मी पोस्टमास्तर होतो,'' ते म्हणाले, जणू पोस्टात दातांच्या मापावर बढती मिळते. काकांनी ऐकून घेतलं, ''एक मिनिट'' म्हणाले आणि आत जाऊन कपाट उघडलं. मी मान लांब केली. आत पुन्हा जबडेच, पण यांच्यात काहीतरी बिनसलेलं होतं. एक तिरका, एक सुजल्यासारखा, एकाला मधोमध भेग. काकांनी त्यातला एक उचलला, उलटा केला, तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं वाचलं आणि जागेवर ठेवला. दुसरा उचलला, वाचला, ठेवला. मग बाहेर येऊन म्हणाले, ''मध्यम.''

ते कपाट म्हणजे काकांच्या चुका. जी कवळी बिघडली, गिऱ्हाइकाला बोचली, सैल पडली, परत आली, तिचा साचा इथे. तळाशी एकच ओळ, चूक कोणती ती. 'घाई.' 'प्लॅस्टर पातळ.' 'गिऱ्हाइकाचं ऐकलं.' त्याच्या शेजारीच 'गिऱ्हाइकाचं ऐकलं नाही.' 'हसवून ठसा घेतला.' 'दिव्यात रंग निवडला.' एकावर नुसतंच 'अक्काशी बोलत होतो.' तीस वर्षांच्या चुका, एकूण एक्केचाळीस.

''फेकून का नाही देत?'' मी विचारलं.

''फेकली की महिन्याभरात वाटायला लागतं, चूक झालीच नव्हती. मग माणूस तीच पुन्हा करतो, आणि पहिल्यांदाच करतोय अशा उत्साहाने करतो.''

''लोकांच्या कपाटात कपडे असतात,'' अक्का म्हणाल्या. ''आमच्या कपाटात याचा पश्चात्ताप आहे. आणि माझी चांगली पातळं खुंटीवर!''

गंमत अशी की काका फक्त कवळ्यांसाठी कपाट उघडत नसत. घरात पंखा घ्यायचा, भिंतीला रंग द्यायचा, खोली बदलायची, काहीही ठरवायचं असलं की आधी कपाट. भिंतीचा रंग भर दुपारी उन्हात जाऊन निवडला होता, कारण 'दिव्यात रंग निवडला.' त्यांनी लग्न का केलं नाही असं मी एकदा अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, ''वय होतं तेव्हा कपाट रिकामं होतं, म्हणून धीर झाला नाही. आता भरलंय, म्हणून होत नाही.''

या अक्कांनीच त्यांना वाढवलं होतं. आई लवकर गेली, तेव्हा अक्का चौदाच्या आणि हे दोन वर्षांचे. अक्कांनी शाळा सोडली, कापड गिरणीत लागल्या, याला शिकवलं आणि पुढे एका दातांच्या डॉक्टरकडे साचे ओतायला घातलं. मधे त्यांचं लग्न झालं, नवरा वारला, त्या परत आल्या. हे सगळं त्या अशा सांगायच्या की जणू बस चुकली आणि दुसरी मिळाली. काकांनी स्वतंत्र धंदा सुरू केला तेव्हा पहिली कवळी केली ती अक्कांना. ती त्या अभिमानाने वापरायच्या, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की तोंडातून काढून दाखवायच्या. त्यानंतर सहसा कुणी कुरकुरत नसे.

एक्केचाळीस साच्यांमधला एक वेगळा होता. त्यात काहीच वेडंवाकडं नव्हतं. सुबक, नीटस जबडा. तळाशी लिहिलेलं, 'नसतं बोललो.'

त्याची गोष्ट अक्कांनी मला सांगितली, काका आत मुद्दाम जोरजोरात कानस घासत असताना. एक गणिताचे सर जबड्याचा ठसा द्यायला आले होते. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला काकांना एक लाल चट्टा दिसला. काका म्हणाले, ''सर, हे मला बरं दिसत नाही. दाखवून घ्या.'' आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. सर घरी गेले आणि एकोणीस दिवस डॉक्टरकडे गेलेच नाहीत. कॅन्सरच्या भीतीने. जेवण सोडलं, झोप सोडली. ज्यांना नापास केलं होतं त्या मुलांच्या घरी जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांतला एक तोवर इंजिनिअर झाला होता. तो म्हणाला, सर, तुम्ही कोण? पुस्तकं वाटून टाकली. शेवटी शाळेला राजीनामा दिला, आणि मग एकदाचे दवाखान्यात गेले. तो चट्टा गरम चहाचा होता, तोवर बरासुद्धा झाला होता. सर राजीनामा परत घ्यायला गेले, तर शाळेने दुसरा माणूस घेतला होता.

''दारात उभे राहिले,'' अक्का म्हणाल्या, ''आणि याला म्हणाले, तुमचा धंदा दातांचा आहे, तेवढाच करा. मोठ्याने नाही बोलले हो. मोठ्याने बोलले असते तर मी होते की.''

त्या दिवसापासून गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की काकांचं बोलणं दोन हुकमांवर यायचं. 'आ करा' आणि 'मिटा.' तोंडात काय वाटेल ते दिसो, फक्त आ करा आणि मिटा. आम्ही त्याचीही थट्टा करायचो. मी तर सगळ्यांत जास्त.

सासऱ्यांच्या कवळीमुळे माझं जाणं-येणं चालूच राहिलं, कारण सासऱ्यांना ती कधीच पसंत पडली नाही. बोलताना टकटक वाजते, ही तक्रार. ती वाजत होती हे खरं. पण सासरे बोलतात किती, हेही बघायला हवं. मला दुपारी तिथे बसायला आवडायचं. प्लॅस्टरची धूळ खिडकीतल्या उजेडात तरंगत असायची, अक्का कुणाला ना कुणाला झाडत असायच्या, आणि मी शेंगदाणे सोलत बसायचो.

अशाच एका दुपारी अक्का म्हणाल्या, ''अरे, खालची कवळी टोचतेय. जरा बघ.''

काकांनी बघितलं, कवळी घेतली, कडेला दोन वेळा कानस फिरवली, परत दिली. टोचलेली जागा आठ-पंधरा दिवसांत भरून येते, हा या धंद्यातला अगदी पहिला धडा. पंधरा दिवसांनी अक्का म्हणाल्या, ''अजून टोचतेय.'' काकांनी छोटा आरसा घेतला आणि या वेळी बराच वेळ बघत राहिले. मग आतल्या खोलीत गेले आणि कपाट उघडलं. मी बसलो होतो तिथून दिसत होतं. त्यांनी तो सुबक साचा हातात घेतला, उलटा केला, वाचला, आणि तसाच धरून उभे राहिले. मला वाटलं, नेहमीप्रमाणे काहीतरी ठरवतायत.

''जावईबापू, बघा हो,'' अक्का म्हणाल्या, ''माझी कवळी घासायलासुद्धा कपाटाची परवानगी लागते!''

मी खो खो हसलो.

काका बाहेर आले. ''अजून थोडं घासतो,'' म्हणाले.

ते अकरा आठवडे घासत राहिले. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. ती कवळी पापुद्र्यासारखी पातळ झाली. अक्का ती उजेडात धरून म्हणायच्या, ''यात आता कवळी किती आणि आठवण किती, रे?'' काका ती परत घेऊन कानस उचलायचे. त्या दिवसांत ते बारीक झाले होते. मला वाटलं, उन्हाळा आहे.

शेवटी अक्का रक्तदाब तपासायला गेल्या, डॉक्टरने सहज म्हणून जीभ बाहेर काढा म्हटलं, आणि त्यांना तिथूनच मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

अक्कांनी आणखी पाच महिने काढले. शेवटचे दोन महिने त्यांना बोलता येत नव्हतं. ज्या बाईच्या आवाजाने खालच्या छत्रीवाल्याच्या छत्र्या उघडायच्या, तिला एक पाटी आणि पेन्सिल दिली होती. मी भेटायला गेलो की त्या लिहायच्या, 'जावईबापू, आता तुम्ही बोला.'

एके दिवशी मी आणि काका पलंगाच्या दोन बाजूंना बसलो होतो. अक्कांनी पाटी घेतली आणि काकांसमोर धरली. 'तू पाहिलं होतंस?'

काकांनी मान हलवली. हो.

'कधी?'

काकांनी दोन बोटं वर केली. दुसऱ्यांदा घासली तेव्हा.

अक्कांनी पाटी पुसली. नीट पुसली, कोपऱ्यांसकट. मग लिहिलं, 'मग एवढी घासलीस कशाला? चांगली कवळी होती.'

त्यांनी पाटी खाली ठेवली आणि भावाच्या भुवईला लागलेलं प्लॅस्टर नखाने काढायला लागल्या. काका महिनाभर दुकानात गेलेले नव्हते. भुवईला प्लॅस्टर नव्हतं. त्या भुवया खरंच पांढऱ्या झाल्या होत्या.

अक्का गेल्यावर दुकान दीड महिना बंद होतं. उघडलं तेव्हा मी गेलो. दाराशी स्टूल तसंच होतं. कुणी अडवलं नाही, रुमालात काय आहे विचारलं नाही, तेव्हा मला ते दुकान दुसऱ्याच कुणाचं असावं असं वाटलं. काका आत होते. कपाट उघडं होतं आणि त्या सुबक साच्याच्या शेजारी अक्कांच्या खालच्या जबड्याचा साचा. तो उचलून बघायची मला गरज नव्हती, पण बघितला. 'बोललो नाही.'

बेचाळीस.

त्यानंतर काकांना काही ठरवताच येईना. पूर्वी कपाट उघडून एक मिनिटात बाहेर येणारा माणूस तासतास तिथे उभा राहायचा. गिऱ्हाईक विचारायचं, दात पांढरे घेऊ की पिवळसर, आणि काका म्हणायचे, ''तुम्ही सांगा.'' एक बाई चिडून म्हणाल्या, ''मी सांगू तर तुम्ही कशाला?'' काकांना ते पटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली.

दोन वर्षं गेली. आणि एके सकाळी जेवणाच्या मेजावर सासरे म्हणाले, ''कवळी टोचतेय.''

माझ्या हातातला पेला खाली आला. बायकोने माझ्याकडे बघितलं. ''बाबा, कवळी टोचायचीच,'' ती म्हणाली. पण तिचा आवाज वर गेला होता.

काकांनी एकदा घासून दिली. पंधरा दिवसांनी मी सासऱ्यांना पुन्हा घेऊन गेलो. सासरे खुर्चीत बसले, काकांनी आरसा घेतला.

''आ करा.''

सासऱ्यांनी आ केला. काका बघत राहिले. मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो. मला सासऱ्यांचं तोंड दिसत नव्हतं, काकांची मान दिसत होती. ती मान मी एकदा अशी पाहिली होती, शेंगदाणे सोलताना. बोला, असं मला ओरडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की हे सासरे आहेत. सरांनी एकोणीस दिवसांत जे केलं ते हे एकोणीस मिनिटांत करतील, आणि त्यात आम्हा सगळ्यांना ओढतील.

काका आत गेले. कपाटाची कडी वाजली. त्यांनी दोन साचे काढले, एका हातात सरांचा, दुसऱ्यात अक्कांचा. उलटे करून वाचले. पुन्हा सरळ केले. पुन्हा उलटे.

''मिटू का?'' सासरे खुर्चीतून म्हणाले. आ करून 'मिटू का' म्हणणं सोपं नसतं, पण सासरे पोस्टात होते.

काकांनी दोन्ही साचे जागेवर ठेवले. बाहेर आले, अंगातला डगला काढून खुंटीला लावला, मोरीवर हात धुतले, चपला घातल्या आणि किल्ल्या घेतल्या.

''चला, पोस्टमास्तर.''

''कुठे?''

''दवाखान्यात. मी येतो बरोबर.''

''का? काय झालंय मला?''

''ते मला माहीत नाही. मी दातवाला. एक जागा भरून यायला हवी होती, ती आली नाही. बहुतेक वेळा काही निघत नाही, कधी कधी निघतं. ज्याला कळतं त्याच्याकडे आत्ता जायचं. तो बघेपर्यंत मी तुमच्याजवळ बसणार.''

''आणि मी नाही आलो तर?''

''मग मी तुमच्या घरी येऊन बसेन.''

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मी कधी भीती पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली. ते उठले. काकांनी दुकानाला कुलूप लावलं. दोन गिऱ्हाइकं जिन्यात उभी होती, त्यांना म्हणाले, ''उद्या या.''

दवाखान्यात एक लांब बाक होता. सासऱ्यांना आत घेतलं आणि आम्ही दोघं बाहेर बसलो. काका समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

''सरांना सांगितलं ही चूक, असं मी लिहून ठेवलं होतं. मग अक्काला सांगितलं नाही ही चूक, असं लिहिलं. दोन वर्षं दोन्ही वाचतोय. एक म्हणतं बोल, एक म्हणतं बोलू नको. आज कळलं, सरांच्या साच्याखाली मी भलतंच लिहिलं होतं. बोललो ते बरोबर होतं. बोलून वळलो, ते चुकलं. पुढचा ठसा घ्यायला वळलो. एकोणीस दिवस तो माणूस एकटा होता.'' मग म्हणाले, ''तिथे नीट लिहिलं असतं तर अक्काला त्याच दिवशी घेऊन गेलो असतो. चूक जपून ठेवली हो मी. नीट वाचली नाही.''

मी म्हणालो, ''काका, तुम्ही स्वतःला...'' मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

सासऱ्यांचं निघालं. पण लवकर सापडलं होतं. जबड्याचा डावीकडचा तुकडा काढावा लागला, चेहरा थोडा एका अंगाला गेला, आणि वर-खाली कुठलीच कवळी बसेना. डॉक्टर म्हणाले, दोन महिने उशीर झाला असता तर त्यांच्या हातात काही राहिलं नसतं. हे त्यांनी सासऱ्यांसमोर सांगितलं. सासऱ्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ती खिडकी बंद करून घेतली.

काका रोज यायचे. रोज दुपारी दुकान बंद करून येऊन पलंगाशी बसायचे. पुढे त्यांनी घरी येऊन सांगितलं की अर्ध्या जबड्यावर बसेल अशी एक कवळी करता येईल, वेळ लागेल, पण येईल. सासऱ्यांनी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही. घट्ट मिटून भिंतीकडे वळून बसले. ''त्या माणसाने बघितलं, म्हणून निघालं,'' ते नंतर मला म्हणाले. ''दुकान बंद करून माझी वरात काढली. सगळ्या जिन्याने बघितलं.''

''बाबा, त्यांनी तुम्हाला वाचवलं,'' बायको म्हणाली.

''मला काय झालं होतं? कवळी टोचत होती.''

काका आणखी तीनदा आले. चौथ्यांदा आले नाहीत.

पुढच्या चार वर्षांत त्यांनी दुकानाला कुलूप लावून सात जणांना दवाखान्यात नेलं. सहा जणांचं काही निघालं नाही. त्यांतले दोघे त्यांच्यावर ओरडले, एकाने हसून ती गोष्ट चारचौघांत सांगितली, आणि ती पसरली. कवळी करायला जाल तर तो तुम्हाला थेट इस्पितळात नेऊन बसवतो, असं लोक म्हणायला लागले. सातवी एक शिंपीण होती. तिचं निघालं. ती मुलीकडे दुसऱ्या गावी गेली, पुढचं कळलं नाही. गिऱ्हाइकं नव्या दवाखान्यात जाऊ लागली, तिथे थंडगार खोली होती आणि कुणी बरोबर येत नसे. भिंतीवरचे जबडे कमी कमी होत गेले. शेवटी मी मोजले तेव्हा एकोणीस होते.

काकांचा अखेरचा आजार छातीचा होता. तीस-चाळीस वर्षांची प्लॅस्टरची धूळ, असं डॉक्टर म्हणाले. दुकान रिकामं करायला मी गेलो होतो. कपाटात सरांचा साचा होता. तळाशी जुनं खोडून नवीन लिहिलं होतं, 'सांगून वळलो.' अक्कांच्या साच्याचा तळ पुन्हा पुन्हा खोडून खोलगट झाला होता. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. सासऱ्यांचा साचा मी शोधला. तो कपाटात नव्हता, भिंतीवर इतरांबरोबर होता. जागामालकाला संध्याकाळपर्यंत खोली मोकळी हवी होती. सगळं पोत्यांत भरलं, चार पोती झाली, ती कचऱ्याच्या गाडीत गेली.

काकांना पोचवायला आम्ही चौघं होतो. मी, माझी बायको, छत्रीवाला, आणि एक म्हातारे गृहस्थ, जे शेवटपर्यंत मागे उभे राहिले आणि विचारल्यावर म्हणाले की ते पूर्वी गणित शिकवायचे.

सासरे आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, तब्येत ठणठणीत आहे. त्या दिवशी ते आले नाहीत. बाहेर ऊन आहे, म्हणाले.